पिंपरीची बुरशी, मोशीचा ढीग

मोटारींचे कारखाने येण्याआधी पिंपरीची कारखानदारी एका बुरशीवर उभी राहिली. पेनिसिलीनसाठी परदेशाकडे हात पसरावा लागू नये म्हणून केंद्र सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत घेतली, आणि १९५५ मध्ये पिंपरीच्या माळावर पेनिसिलीन तयार होऊ लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ त्यानंतर सात वर्षांनी, १९६२ मध्ये स्थापन झाले. आज भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात गेले तर फळीवर पुन्हा बुरशीच दिसते, पुड्यांत आणि बाटल्यांत भरलेली: ट्रायकोडर्मा, मायकोरायझा, कंपोस्ट लवकर कुजवणारे जिवाणू-बुरशीचे मिश्रण. मधल्या रस्त्यावर मोशीला शहराच्या कचऱ्याचा डोंगर आहे. कचऱ्याचे खत करावे, त्यात मित्रबुरशी सोडावी, म्हणजे रासायनिक खतावाचून झाडे जोमाने वाढतील, हा सल्ला आता जिकडेतिकडे नवा शोध म्हणून दिला जातो. माझे म्हणणे असे की या पट्ट्यात ज्ञानाची टंचाई कधीच नव्हती. कचरा, बुरशी आणि जमीन ही तिन्ही इथे शेजारी शेजारी होती. त्यांची फारकत झाली ती व्यवहारामुळे: कचरा वेगळा कोणी ठेवायचा, वाहायचा कोणी, आणि तो ज्या जमिनीत जायचा ती जमीन शेताची राहिली की प्लॉटची झाली. ही फारकत कशी झाली ते नीट पाहिले, तर बाटलीतली बुरशी कुठे कामाला येईल आणि कुठे पैसे वाया जातील, हेही बरेचसे ठरवता येते.

पेनिसिलीनची गोष्ट मुळात टाकाऊ मालाची गोष्ट आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत पेनिसिलियमचे उत्पादन अनेक पटींनी वाढले, ते मक्याचा स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यामुळे. मका भिजवलेले ते दाट, आंबूस पाणी तोवर कारखान्यांना नकोसे होते. बुरशीला ते मानवले. पुढे जगभर पेनिसिलीनच्या टाक्यांत हेच पाणी किंवा त्याच्यासारखे शेतमालाचे शेष वापरले जाऊ लागले. टाकीतून औषध काढून घेतले की गाळणीवर बुरशीचा लगदा राहतो. त्यात नत्र भरपूर असते, म्हणजे खत म्हणून तो सोन्यासारखा. इस्राएलमधल्या बार-इलान विद्यापीठात वाळवलेल्या मृत पेनिसिलियमचे प्रयोग झाले तेव्हा असे दिसले की खरबुजासारख्या पिकांना मर रोगाविरुद्ध त्याने प्रतिकारशक्तीही येते. परंतु त्याच लगद्यात औषधाचा अंश राहिला असेल तर तो मातीत जाऊन औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंना खतपाणी घालतो. चीनने २००८ मध्ये असा शेष घातक कचऱ्याच्या यादीत टाकला. एकच वस्तू, खतही आणि विषही. तिचे काय होणार हे बुरशी ठरवत नाही. त्यात दुसरे काय मिसळले आहे यावर ते ठरते. मोशीच्या कचऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

कारखान्यांआधीची स्थिती कशी होती, याचा या भागापुरता तरी विलक्षण चांगला पुरावा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर दख्खनमधल्या एका खेड्याची जमीन आणि श्रम यांचा अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते खेडे म्हणजे पवनेकाठचे पिंपळे सौदागर, जिथे आज उंच सोसायट्या आहेत. मॅन यांच्या आकड्यांनुसार १७७१ मध्ये तिथे एका खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७. एकूण १५६ खाती होती आणि त्यांचे ७२९ तुकडे झाले होते. त्यांतले ४६३ तुकडे एकरापेक्षाही लहान होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे आकडे तुकडेबंदीच्या चर्चेसाठी वापरले जातात. मला त्यांत खताचा प्रश्न दिसतो. घरामागच्या उकिरड्यात वर्षभर शेण, राख, पालापाचोळा, गोठ्यातले मुताने भिजलेले गवत साचायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते गाडीने रानात जायचे. रानच जर दहा दिशांना दहा तुकड्यांत असेल, तर लांबच्या तुकड्यापर्यंत खताची गाडी किती वेळा जाणार? त्यातून गावातली माणसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात रोजगाराला जाऊ लागलेली. जमीन उपाशी राहायला रासायनिक खतांची वाट पाहावी लागली नाही.

म्हणून जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना जपून गायला हवे. इंग्रज कृषी-रसायनतज्ज्ञ जॉन व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरच्या १८९३ च्या अहवालात भारतीय शेतकऱ्याचे कौतुक केले, पण शेणाच्या गोवऱ्या जळतात तोवर जमिनीला खत मिळणार नाही, सरपणाची सोय करा, असेही बजावले. मावळच्या भातशेतीत राब भाजायची रीत होती. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, फांद्या, गवत आणि माती यांचे थर लावून ते पेटवून द्यायचे. जंगलखात्याने फांद्या तोडायला हरकत घेतली तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला. मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी १९१२ मध्ये राबाचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यातला कळीचा प्रश्न असा की रोपांना फायदा होतो तो राखेतल्या खताचा, की तापलेल्या मातीचा. राब तणाचे बी मारतो, रोगाची बुरशी मारतो आणि तिच्याबरोबर चांगली बुरशीही मारतो. भाताचे रोप पुढे पाण्यात उभे राहणार असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. उलट खेड तालुक्याच्या कोरड्या रानात धनगराची मेंढरे शेतात बसवायची रीत होती आणि ती अजून टिकून आहे. खत जागेवरच पडते, गाडीचे भाडे नाही, जाळणे नाही, मिसळ नाही. तुकड्यांच्या शेतीला यापेक्षा सोयीची पद्धत शोधून सापडली नसती.

शहराचा मैला शेतात नेण्याची पद्धतही या भागाला नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे नगरपालिका मैल्याचे सोनखत करून विकत असे आणि खडकवासल्याच्या पाण्यावर ऊस करणारे बागायतदार ते घेत. सुरुवातीला नाक मुरडणारे पुढे रांगेत उभे राहिले, कारण उसाला भूक मोठी असते. इथे जो आक्षेप येतो तो साधा नाही. हे सोनखत कोणाच्या डोक्यावरून गेले? त्या सगळ्या साखळीचा पाया जातीवर होता. मैला उचलणारे, ढीग खालीवर करणारे हात ठरलेले होते आणि खताच्या उत्पन्नात त्यांचा वाटा नव्हता. ‘पूर्वी काहीच वाया जात नसे’ असे म्हणणाऱ्याने त्यासाठी कोण झिजत होते हेही सांगायला हवे. डोक्यावरून मैला वाहण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली आणि २०१३ मध्ये अधिक कडक कायदा करावा लागला, म्हणजे ही गोष्ट इतिहासजमा झाली असेही म्हणता येत नाही. मात्र या आक्षेपाला या पट्ट्यातच एक उत्तर तयार झाले. देहूच्या आरोग्य केंद्रात १९५९ मध्ये आलेले डॉक्टर सुहास विठ्ठल मापुसकर यांनी अप्पासाहेब पटवर्धनांच्या सफाईच्या विचारातून प्रेरणा घेतली आणि संडास थेट गोबरगॅसच्या टाकीला जोडण्याची पद्धत गावात रुजवली. मैल्याला कोणाचा हात लागत नाही, चुलीला गॅस मिळतो आणि कुजून निघालेली मळी शेतात जाते. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तुकोबांच्या गावी येणाऱ्या वारकऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, कोणास ठाऊक.

बुरशीचा धागा मात्र इंदूरकडून येतो आणि त्यात एका मराठी नावाला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची इंदूर पद्धत बसवली. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड अशा दोघांच्या नावावर आहे. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांना हॉवर्ड माहीत असतात, वाड नसतात. या दोघांनी ढिगात काय घडते ते टप्प्याटप्प्याने मांडले. पहिल्या काही आठवड्यांत ढीग पांढऱ्या जाळीने भरून जातो, तो बुरशीचा काळ. काडी, देठ, पाचट असले चिवट पदार्थ बुरशीच फोडते. मग ढीग परतला की जिवाणू ताबा घेतात आणि साधारण तीन महिन्यांत खत होते. हॉवर्ड इंग्लंडला परतल्यावर वाड यांनी जॅक्सन या अधिकाऱ्याबरोबर हीच पद्धत शहराचा केर आणि मैला यांना लावली आणि १९३४ मध्ये त्याची पद्धतशीर माहिती प्रसिद्ध केली. ढीग नीट रचला तर आतली उष्णता माश्यांच्या अळ्या आणि जंतांची अंडी मारते. ‘शहराचे खत म्हणजे रोगराई’ या आक्षेपाला नव्वद वर्षांपूर्वी मिळालेले हे उत्तर आहे. त्या ढिगात कोणी विकतची बुरशी घालत नव्हते. जुन्या ढिगातले ओंजळभर खत विरजणासारखे नव्या ढिगाला लावले की पुरे होई.

पुढे हॉवर्ड यांना दुसऱ्या प्रकारच्या बुरशीने भुरळ घातली. मुळांच्या आत शिरून राहणारी, मातीतले स्फुरद आणि पाणी झाडाला आणून देणारी आणि बदल्यात झाडाची साखर घेणारी ही बुरशी म्हणजे मायकोरायझा. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ मध्ये तिला हे नाव दिले. इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या वेअरहॅमच्या नापीक माळावर वनस्पतिशास्त्रज्ञ मेबल रेनर यांना असे दिसले की कंपोस्ट टाकले की पाइनची खुरटी रोपे वाढीला लागतात आणि मुळांवर बुरशी येते. कंपोस्टचे गुपित म्हणजे ही बुरशी, असा निष्कर्ष हॉवर्ड यांनी १९४० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मोठ्या आवेशाने मांडला. तो आवेश जास्तच होता. रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या क्रौदर आणि बेंझियन यांनी १९४५ नंतर वनरोपवाटिकांत वर्षानुवर्षे प्रयोग केले, त्यांत वेअरहॅमही होते. त्यांना दिसले की नेमकी खते दिली तर कंपोस्टाएवढीच रोपे तयार होतात, आणि त्या माळाची खरी उणीव स्फुरदाची होती. सेंद्रिय शेतीवाले हा भाग गाळतात आणि रासायनिक खतवाले फक्त एवढाच भाग सांगतात. मला यातून दोघांनाही अडचणीचा वाटणारा निष्कर्ष काढावासा वाटतो. मायकोरायझा उपयोगी पडते ती जिथे स्फुरद कमी आहे तिथे. जिथे पोत्यांनी स्फुरद पडले आहे तिथे झाड तिला दारातच उभे करत नाही, कारण साखर फुकट कशाला द्यायची?

हा निष्कर्ष चाकणच्या कांद्याला लावून पाहण्यासारखा आहे. कांद्याचे मूळ जाड, आखूड, फांद्या कमी, केशमुळे जवळपास नाहीतच. असे मूळ मातीतून स्फुरद गोळा करण्यात दुबळे असते, म्हणून मायकोरायझावर सर्वात जास्त विसंबणाऱ्या पिकांत कांद्याची गणना होते. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार जुना, आणि कांदा-लसणाची राष्ट्रीय संशोधन संस्थाही १९९८ पासून जवळच राजगुरुनगरला आहे. म्हणजे देशात कुठे ही बुरशी शेतकऱ्याने पोटच्या पोरासारखी जपायला हवी तर ती इथे. प्रत्यक्षात कांद्याच्या वाफ्यात डीएपी आणि सुपर फॉस्फेट सढळ हाताने पडते आणि वर बुरशीची बाटलीही सोडली जाते. दोन्हींचे पैसे जातात आणि एक दुसऱ्याला निकामी करते. शिवाय कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, चाकवत या पिकांच्या मुळांत ही बुरशी राहतच नाही. कांद्याआधी फ्लॉवर घेतला तर मातीतली बुरशी एक हंगाम उपाशी राहते; कांद्याआधी ज्वारी, बाजरी किंवा एखादे कडधान्य घेतले तर तिला खायला मिळते. फेरपालटीचा हा निर्णय फुकट आहे. त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

बाजारात ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा या दोन्ही बुरशा एकाच फळीवर बसतात, त्यामुळे घोळ वाढतो. ट्रायकोडर्मा सडक्या पदार्थावर जगते, टाकीत सहज वाढते आणि दुसऱ्या बुरशीला खाते. मर, मूळकूज यांवर ती खरोखर उपयोगी आहे. कायद्याच्या दृष्टीने ती कीटकनाशक अधिनियमाखाली येते आणि भुकटीच्या ग्रॅममागे किमान वीस लाख जिवंत कण हवेत असा नियम आहे. मायकोरायझा जैविक खत म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली येते. ती टाकीत वाढत नाही. तिला जिवंत मूळ लागते, म्हणून ज्वारी-मक्याच्या कुंड्यांत किंवा प्रयोगशाळेतल्या मुळांवर ती वाढवावी लागते, आणि म्हणूनच खरी मायकोरायझा स्वस्त असू शकत नाही. ‘कंपोस्टच्या ढिगात मायकोरायझा मिसळा’ हा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. साठ अंशांच्या ढिगात तिला ना मूळ मिळते ना जगता येते. ट्रायकोडर्मासुद्धा ढीग थंड झाल्यावरच मिसळायची असते.

पिंपरीच्या कारखान्याने शेतीला जे दिले ते या संदर्भात बोलके आहे. एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखालच्या तिथल्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याला पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले गेले. पाठोपाठ पिकांसाठी ऑरिओफंजिन आले. दोन्ही बुरशीनाशके. स्ट्रेप्टोसायक्लिन हे जिवाणूनाशक तर डाळिंबावरच्या तेल्याच्या निमित्ताने महाराष्ट्रभर पोहोचले, इतके की माणसाच्या औषधांचा शेतात असा वापर थांबवावा म्हणून केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये बंदीचा मसुदा काढला. विज्ञान म्हणून ही कामगिरी मोठीच होती आणि त्या काळात पिकांचे रोग आवरणे निकडीचे होते. पण तिच्यामुळे या भागाच्या शेतीविचारात बुरशी शत्रू म्हणूनच आली. तळेगावच्या पुष्पोद्यानातल्या हरितगृहांत ही विचारसरणी शेवटाला गेलेली दिसते. गुलाबाचा वाफा आधी फॉर्मॅलिनने निर्जंतुक करायचा आणि मग त्यात विकतची ट्रायकोडर्मा सोडायची. व्हॅलेंटाइन डेला फूल लंडनला पोचवणाऱ्या धंद्यात हा खर्च परवडतो. कांदेवाल्याने त्याचे अनुकरण करू नये.

आता शहराकडे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी यांची नगरपालिका १९७० मध्ये झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका, १९९७ मध्ये आणखी अठरा गावे आत आली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली. प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी एकदमच घडल्या: कचरा वाढला आणि तो घेणारे रान कमी झाले. पिंपळे सौदागरच्या ७२९ तुकड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा तिथले उकिरडेही गेले. कचरा १९९१ पासून मोशीच्या ८१ एकरांवर जाऊ लागला. तिथे खत प्रकल्प झाले, गांडूळखत झाले, साठलेला जुना ढीग चाळून मोकळा करण्याचे काम निघाले. ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले; त्यात वर्षाला अडीच लाख टन कचरा वापरला जाईल असे सांगण्यात आले. दरम्यान केंद्राने २०१६ मध्ये शहरी खताला टनामागे दीड हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असा शिक्काही तयार केला. मोशी ते चाकण अंतर फार नाही. तरीही शेतकरी या खतावर तुटून पडला नाही. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. काच, प्लास्टिकचे तुकडे, नखाएवढे थर्माकोल यांनी भरलेले खत एकदा रानात पडले की ते पुन्हा वेचून काढता येत नाही, आणि कारखान्यांच्या गावचा कचरा म्हटला की त्यात शिसे, क्रोमियम, निकेल असेल ही भीती खोटी नाही. शहरी खतात किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, कॅडमियम ५ यांपेक्षा जास्त नसावे असे कायदा सांगतो. मर्यादा पाळली जाते की नाही हे त्याला गोणीकडे पाहून कळत नाही. बुरशी प्लास्टिक कुजवत नाही आणि शिसे नाहीसे करत नाही. कचऱ्याचे वर्गीकरण हे बुरशीआधीचे काम आहे, आणि ते गेली तीस वर्षे प्रामुख्याने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झालेल्या कचरावेचक बायांनी केले आहे. खताच्या दर्जासाठी पैसा ओतायचा तर तो ढिगावर शिंपडायच्या द्रावणापेक्षा त्यांच्या मजुरीत ओतणे अधिक फलदायी होईल.

मग विकतच्या बुरशीचा उपयोगच नाही का? आहे, आणि त्याचा सर्वात भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. नागपूरच्या नीरी संस्थेत आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणींतून उपसलेल्या मातीच्या ढिगांवर झाडे लावण्याचे काम वर्षानुवर्षे केले. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगेनीज खाणीच्या ढिगांवर त्यांनी साखर कारखान्याची मळी वापरली आणि रोपांच्या मुळांना मायकोरायझा आणि नत्र धरणारे जिवाणू लावले. कोळसा खाणीच्या दहा हेक्टर ढिगावर हेक्टरी ५० टन सांडपाणी प्रकल्पाचा गाळ घातला. त्या ढिगात आधी मायकोरायझाचे बीजाणू जवळजवळ नव्हतेच, ते आले, आणि क्रोमियम, जस्त, तांबे अशा धातूंचा उपद्रव बराच घटला. खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रातल्या राखेच्या ढिगावरही त्यांनी शेणखत आणि जैविक खतांच्या मदतीने झाडे उभी केली. या प्रयोगांत तीन गोष्टी समान आहेत. टाकाऊ माल एकाच उगमाचा आणि तपासलेला होता; जमीन इतकी मेलेली होती की तिथे स्वतःची बुरशी उरलीच नव्हती; आणि लावले ते झाड होते, बाजारात जाणारी भाजी नव्हती. मिसळ कचरा, जिवंत शेत आणि खायचे पीक असे उलटे समीकरण मांडले की या यशाचा आधार घेता येत नाही. सांडपाण्याचा गाळ वापरायलाही माझी हरकत तेवढीच आहे. सावलीच्या झाडाला तो चालेल, मेथी-कोथिंबिरीला नको.

चाकण-तळेगाव पट्ट्यात गुमगावसारखी जमीन आता भरपूर तयार झाली आहे, फक्त तिला कोणी खाण म्हणत नाही. भूखंड सपाट करताना वरची वीतभर काळी माती खरवडली जाते, खालचा मुरूम उघडा पडतो आणि त्यात कारखान्याचा हरितपट्टा लावायचा असतो. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण परवानगीत ठरावीक क्षेत्रावर झाडे ही नेहमीची अट असते. रस्त्यांच्या दुभाजकांचीही तीच तऱ्हा. मुरमात स्फुरद मुळांना सहज मिळत नाही आणि बुरशी जवळपास नसते. साखर कारखान्यांची मळी, उपाहारगृहांतले आणि भाजी मंडईतले ओले, आधीच वेगळे ठेवलेले टाकाऊ, अळिंबी काढून झाल्यावर उरलेला गव्हाचा-सोयाबीनचा भुसा, आणि खड्ड्यात मुळाशी मायकोरायझा: हे सारे इथे शोभते. कोणी म्हणेल, कारखान्यांच्या कुंपणातल्या झाडांनी शेतीचे काय भले होणार? थेट काही नाही. मात्र शहराच्या अर्धवट भरवशाच्या खताला शेताऐवजी आधी इथे जागा मिळाली तर ते सुधारायला उसंत मिळते, आणि शेतकऱ्याला तोवर फक्त स्फुरद मोजून टाका, फेरपालट पाहा आणि मेंढरे बसवा एवढेच सांगणे पुरते. यातही स्वस्त मार्ग आधीच हाताशी असतो. खरवडलेल्या त्या काळ्या मातीत स्थानिक बुरशी, तिचे बीजाणू आणि मुळांचे तुकडे सगळे असते. खाणींच्या नियमांत वरची माती वेगळी जपून पुन्हा पसरण्याची अट १९८८ पासून आहे आणि मोठ्या बांधकामांच्या परवानग्यांतही ती येते. अट पाळायची तर घाई मात्र हवी, कारण उंच ढीग करून ठेवलेल्या मातीत मुळे मरतात, आतली हवा संपते, आणि काही पावसाळ्यांत बुरशीचे बीजाणूही रुजण्याची ताकद गमावून बसतात. तेव्हा प्लॉट सपाट करणाऱ्या ठेकेदाराच्या कामाच्या यादीत झाडे लावण्याची तारीख माती उचलण्याच्या तारखेच्या लगतच असायला हवी.